लांब देठ

देठ आखूड येऊ लागले होते. शेडवालीच्या बोटांना ते आधी कळलं, डोळ्यांना नंतर. वेणी जरा कुठे हाताशी येते न येते तोच देठ संपायचा, नवा जोडावा लागायचा, आणि टोपलीवरचा जोड म्हणजे नाकावरची पुटकुळी. गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते.

तिने ओल्या जलपर्णीची एक जुडी उचलली आणि उजेडात धरली. देठ वितीएवढे, खालून फुगलेले.

"हे बघितलंत का वन्सं?"

नणंद चरकाच्या दांड्याला लटकली होती. वाळलेले देठ दोन लाटण्यांमधून घालून चपटे करायचे, हे तिचं काम. तिने मान वळवून पाहिलं. "अगदी माझ्या चुलत सासऱ्यांसारखे आहेत गं. उंचीच्या नावाने शून्य आणि पोट तेवढं पुढे."

बायका हसल्या. शेडवालीही हसली, पण तिचं हसू ओठांवरच राहिलं. तिने जुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, दारापर्यंत जाऊन तळ्याकडे पाहून आली आणि उगाचच सगळ्या साच्यांवरून हात फिरवला. गेले काही दिवस तिचं हे असंच चाललं होतं. एका जागी बूड टेकत नव्हतं.

ही शेड म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. तळ्यातली मासळी जेव्हा टोपल्यांनी निघायची, तेव्हा इथे बर्फ फुटायचा. मग शहराने आपल्या सांडपाण्याचा नाला तळ्यात सोडला आणि जलपर्णी आली. सुरुवातीला तिच्या जांभळ्या फुलांचं कौतुक झालं, लोकांनी ती घरी नेऊन बादल्यांत लावली. दोन उन्हाळ्यांत तळं असं मिटलं की वरून कुत्रं चालत गेलं असतं. होड्या काठावर पालथ्या पडल्या. तिचा नवरा ट्रकवर गेला. ती स्वतः सासूच्या मागे मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, सगळ्या वस्तीत "बगळ्याची सून" म्हणून ओळखली जाणारी. बगळा म्हणजे तिचे सासरे. जाळं टाकलं की पाण्यात इतके निश्चल उभे राहायचे की ते नाव त्यांना तरुणपणीच चिकटलं होतं. मासळी संपल्यावर ती सून रस्त्याच्या कामावर खडी वाहायला लागली.

आणि मग नमुनेवाली आली. शहरात कुठेतरी वस्तूंचे आकार शिकवायच्या कॉलेजात होती म्हणे. पायात चिखलाने माखलेले बूट, खांद्यावर भलीमोठी पिशवी. आली की पिशवीतून नमुने काढायची: टोपली, दिव्याची टोपी, आरशाची चौकट. सगळं जलपर्णीचं. लोकांनी तिला वेड्यात काढलं. ती म्हणाली, "देणगी मागून तळं साफ करता येतं हो, पण एकदाच. पुढच्या वर्षी पुन्हा भरतं. इथे धंदा पाहिजे. रोज सकाळी उठून कुणालातरी ही काढायची गरज पडली पाहिजे."

गरज पडली. खडी वाहणाऱ्या हातांनी वेण्या घातल्या, मुळांचं खत झालं, शेडला रंग लागला. एकमेकींच्या पोटात बसणाऱ्या टोपल्या निघाल्या, म्हणजे एका टेम्पोत दुप्पट माल जावा. शेडची किल्ली आली बगळ्याच्या सुनेच्या कमरेला. तेव्हापासून तिला शेडवाली म्हणू लागले. हाक मारली की तिला आतून ऊब यायची, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

दुपारी नमुनेवाली आली तेव्हा शेडवालीने तिच्या हातात आखूड देठ दिला. नमुनेवालीचा चेहरा फुलला.

"अगं, ही तर आनंदाची गोष्ट आहे! जागा मिळाली की ती आडवी पसरते, फुगते. दाटी असली की उजेडासाठी उंच वाढते. आखूड देठ म्हणजे तळं मोकळं होतंय."

शेडच्या भिंतीवर तिने तळ्याचा आकार काढून ठेवला होता. जलपर्णी असेल तिथे हिरवा खडू, मोकळं पाणी तिथे निळा. तिने फडकं ओलं केलं आणि हिरव्याचा आणखी एक मोठा तुकडा पुसून तिथे निळा भरला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायच्या असतात म्हणून वाजवल्या.

"पावसाळ्याच्या आत तळं मोकळं," नमुनेवाली म्हणाली.

"आणि मग आम्ही?" चरकाजवळून नणंदेने विचारलं.

नमुनेवालीने फडकं पिळलं. "काठाचा लव्हाळा घेऊन बघतेय मी. त्याच्या चटया चांगल्या होतील."

"सगळ्यांना पुरेल?"

"सगळ्यांना नाही पुरणार. खोटं कशाला सांगू?" ती खरंच खोटं बोलत नसे, हीच तिची पंचाईत होती. "पण ही झाकणाच्या उंच टोपल्यांची ऑर्डर नीट गेली तर आपल्याला पुढचं बघायला उसंत मिळेल. तिला मात्र लांब देठच लागतील. जोड चालणार नाहीत."

शेडवालीने मान हलवली. भिंतीवरचा निळा खडू अजून ओला होता. इतकी वर्षं ज्या पाण्यासाठी घरादाराने हाय खाल्ली ते पाणी समोर दिसत होतं, आणि ती मनाशी उरलेल्या लांब देठांचा हिशेब करत होती. स्वतःचीच तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून हिशेब काही थांबला नाही.

घरी आबा, तिचे सासरे, मागच्या अंगणात होडीपाशी बसले होते. होडी पालथी, तिच्यावर कोंबड्यांची घाण वाळलेली. आबा खरवडणीने ती काढत होते आणि फोन कानाशी धरून ओरडत होते, जणू मुलगा फोनमध्ये नसून तळ्याच्या पलीकडे आहे.

"उघडतंय रे! मधला सगळा पट्टा उघडा झालाय! ये तू, ट्रक दे त्याचा त्याला!" मग तिला पाहून त्यांनी फोन पुढे केला. "घे, बोल."

"खरंच उघडतंय का गं?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या मागे हॉर्न वाजत होते.

"बघू," ती म्हणाली. "इतक्यात नोकरी सोडू नका."

आबांनी खरवडणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी देठ शोधत ती आणि नणंद काठाकाठाने नाल्याच्या तोंडापर्यंत गेल्या. तिकडे वासामुळे कुणी फिरकत नसे. तळ्याचा एक चिंचोळा फाटा तिथे आत शिरला होता आणि त्याच्या कोपऱ्यात पडलेल्या झाडामागे जलपर्णी अडकून बसली होती. नणंद गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिने एक रोप उपटलं. देठ तिच्या कमरेपर्यंत आला. सरळसोट, कुठे फुगवटा नाही.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"झाडाने अडवलं म्हणून दाटी झाली," शेडवाली म्हणाली.

"आणि नाल्याचं खत आहेच पोटभर."

"फाट्याच्या तोंडाशी काहीतरी आडवं लावलं तर..."

"काहीतरी म्हणजे?"

मासे धरणाऱ्यांच्या घरात पाण्यात आडवं लावायचं म्हटलं की डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. नणंदेच्याही आली. ती म्हणाली, "माळ्यावर पडलंय. आबांना तर वर चढताही येत नाही आता."

"आईंनी विणलेलं आहे ते."

"माझीच आई होती ना? माझ्या पोटासाठी ती नाही म्हणाली असती?" नणंद बोलून गेली आणि मग चिखलातल्या आपल्या पायांकडे बघत राहिली. नवऱ्याने टाकून दिल्यापासून ती बापाच्या घरात होती आणि चरकाच्या दांड्याने तिला मान वर करायला शिकवलं होतं.

आबा दुपारी डोळा लावून पडले असताना त्यांनी माळ्यावरून जाळं काढलं. मोठं जाळं, वर बुचं, खाली शिशाची वजनं. वजनं वाजू नयेत म्हणून चादरीत गुंडाळलं. फाट्याच्या तोंडाशी बांबू ठोकताना नणंदेच्या तळहाताला फोड आले. छातीभर पाण्यात उभं राहून जाळं ताणायचं, बांबूला बांधायचं, मग बाहेरची सुटी जलपर्णी कवेत घेऊन आत लोटायची. अंगाला खाज सुटायची, मांड्यांना जळवा लागायच्या. नणंद जळू उपटून म्हणायची, "हिला तरी मी गोड लागते." संध्याकाळी घरी येताना दोघींच्या कपड्यांना नाल्याचा वास यायचा. आबा नाक मुरडून विचारायचे, "आजकाल गटारात काम काढलंय का तुमच्या बाईने?"

जाळ्याने आपलं काम चोख केलं. बघता बघता फाटा गच्च भरला, देठ वर सरकले. शेडमध्ये पुन्हा लांब वेण्या दिसू लागल्या. झाकणाच्या टोपल्या साच्यावरून उतरू लागल्या तेव्हा बायका म्हणाल्या, "ताई, कुठून आणता हो?"

"तळ्यातूनच," शेडवाली म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण नमुनेवाली आली की ती देठांवर आधी ओला बारदाना टाकायची.

इकडे आबांच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यांनी होडीच्या भेगांत काथ्या ठोकला, डांबर तापवलं, हात भाजून घेतला, पोरासारखी फुंकर घालत बसले. चार माणसं बोलावून होडी सुलटी करून घेतली. एका सकाळी ते आत आले आणि म्हणाले, "सूनबाई, माळ्यावरचं जाळं काढून दे. दोन दिवस उन्हात टाकायला हवं."

शेडवाली चहा गाळत होती. गाळणीतून चहा उतरेपर्यंत तिला वेळ मिळाला, पण तेवढ्यात काही सुचलं नाही.

"उंदरांनी खाल्लं असेल ते, आबा."

"उंदीर सूत खातात. बुचं राहतात, वजनं राहतात. काढ जे असेल ते."

तेवढ्यात नणंद दारातून म्हणाली, "भंगारवाल्याला दिलं मी. माळा साफ केला तेव्हा. कुजलं होतं सगळं."

आबा लेकीकडे बघत राहिले. चिडतील असं दोघींना वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं. "विचारायचं तरी होतंस मला," एवढंच म्हणाले. चहा तसाच ठेवून बाहेर गेले आणि होडीच्या कडेवर बसले.

जाळ्याशिवाय होडी म्हणजे नुसतं तरंगतं लाकूड. वस्तीत धड जाळं उरलं होतं ते पंक्चरवाल्याकडे. एके काळी आबांच्या होडीवर हाताखाली होता तो. आळशी म्हणून आबांनी त्याला चारचौघांत फटकारून उतरवलं होतं. त्याच्याकडे आबा गेले. शेडवाली टेम्पोत टोपल्या चढवत होती, तिला रस्त्यापलीकडचं सगळं दिसलं. पंक्चरवाल्याने आबांना बसा म्हटलं नाही. एका स्कूटरचं चाक काढलं, पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले, ठिगळ लावलं, हवा भरली. आबा उभेच. रस्त्याने जाणारा एक जण म्हणाला, "बगळ्या, इथे कुठले मासे रे?" आबा हसले. ते हसणं बघून शेडवाली हातातली टोपली तशीच धरून राहिली. शेवटी पंक्चरवाल्याने जुन्या टायरांच्या ढिगाखालून जाळं ओढून काढलं आणि खाली टाकलं. आबांनी वाकून ते उचललं.

टेम्पोवाला म्हणाला, "अहो ताई, टोपली द्या की. कुठे लक्ष आहे?"

त्यानंतर तिने मनाशी रोज ठरवलं की ही ऑर्डर संपली की जाळं सोडायचं. मग ऑर्डर वाढली. मग नणंद म्हणाली, एवढा एक महिना. तिलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. आबा मागून आणलेल्या जाळ्याने मासे आणू लागले होते. थोडेच, पण जिवंत. घरात त्या मासळीचा वास आला की नणंदेचे डोळे भरून यायचे आणि शेडवालीला घास गिळवत नसे. ती सारखी आभाळाकडे बघायची. उन्हाळा सरत आला होता. वारा अजून तळ्यावरून शहराकडे जात होता. तो फिरला की शहराकडून तळ्यावर येणार, फाट्यातलं सगळं बाहेर रेटणार, आणि तो फिरणार हे तळ्याकाठी राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

फिरला तो भर दुपारी. शेडचे पत्रे एकदम उचलले गेल्यासारखे वाजले, धूळ आत शिरली, वाळत घातलेले देठ रस्ताभर उधळले. बायका त्यांच्यामागे धावल्या. शेडवाली उलट्या दिशेला धावली.

"वहिनी, थांब!" नणंद मागून ओरडली आणि तीही धावली.

फाट्यात सगळी जलपर्णी एका बाजूला रेटली गेली होती. जाळं फुगून धनुष्यासारखं वाकलं होतं, बांबू तिरके झाले होते. कोपऱ्यातला एक बांबू त्यांच्या डोळ्यांदेखत उखडला आणि तिथून हिरवा पुंजका सुटून उघड्या तळ्यात निघाला. त्याच्यामागून दुसरा. तळ्याच्या मधोमध आबांची होडी दिसत होती, आणि तिच्या पलीकडे पंक्चरवाल्याच्या जाळ्याची बुचं.

"दुसरा बांबू ठोकू," नणंद धापा टाकत म्हणाली. "मी धरते, तू ठोक."

शेडवाली पाण्यात उतरली. तिने उखडलेला बांबू धरला. ठोकायला दगड हातात घेतला. बांबू ठोकला तर आज जाळं टिकेल, उद्याही टिकेल कदाचित. मग आणखी वाढेल, आणखी रेटेल, आणि एक दिवस सगळंच्या सगळं आबांच्या अंगावर जाईल. तिने दगड टाकून दिला.

"वन्सं, शेडमध्ये जा. सगळ्यांना घेऊन या."

"इथे? वेड लागलंय का तुला? सगळ्यांना कळेल!"

"कळू दे. दोघींच्याने हे निघणार नाही. जा म्हणते ना!"

नणंद क्षणभर उभी राहिली आणि मग पळाली. शेडवालीने एकटीने ओढायला सुरुवात केली. मुळासकट उपटायचं, काठावर फेकायचं. लांब लांब देठ, बाजारात असे मिळायचे नाहीत असे, ती मोडून-तोडून चिखलात फेकत होती आणि रडत होती. रडू देठांचं होतं की कशाचं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. बायका आल्या. त्यांनी जाळं पाहिलं, देठ पाहिले, शेडवालीकडे पाहिलं. एक जण म्हणाली, "हे होय तळ्यातूनच?" दुसरी म्हणाली, "तोंड नंतर चालव, आधी हात चालव." त्या उतरल्या.

किती वेळ गेला कळलं नाही. तळ्यावरून वल्ह्याचा आवाज आला. आबा पुंजक्यांचा माग काढत आले होते. होडी फाट्याच्या तोंडाशी थांबली. त्यांनी हात लांबवून जाळ्याची वरची दोरी उचलली. बायकोने मारलेली गाठ अंगठ्याखाली चाचपली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. नणंद पाण्यात तोंड फिरवून उभी होती.

"भंगारात गेलं होतं ना हे?" आबा म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

वाऱ्याने आणखी एक बांबू कलला. आबा होडीतून उतरले, त्यांनी पाठीने तो बांबू रेटून धरला आणि म्हणाले, "उभ्या काय राहिलात? ओढा."

बहुतेक जलपर्णी निघाली. थोडी निसटली. जाळं मधोमध फाटलं.

त्यानंतर आबा बोलेनासे झाले. ताट पुढे आलं की जेवत, स्वतःचं पाणी स्वतः घेत. फाटकं जाळं त्यांनी घराच्या पुढच्या भिंतीवर खिळे ठोकून टांगलं. रस्त्याने जाणारा-येणारा थांबायचा, विचारायचा, आणि घरातून कुणीच उत्तर देत नसे. शेडवाली रोज त्याच्याखालून ये-जा करायची. त्याच्या चौकटींत अजून हिरवे तुकडे अडकलेले होते, ते हळूहळू वाळून काळे पडले. शेडमध्येही बायका पाठीमागे कुजबुजायच्या, पण एक जण तिला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, पलीकडच्या कोपऱ्यातही असा एक फाटा आहे. आमच्या घरी जुनं फाटकं जाळं पडलंय." शेडवालीने तिचा हात असा झटकला की ती घाबरली. त्या क्षणी शेडवाली स्वतःच घाबरली होती.

नमुनेवाली आली. तिला आधीच सगळं कळलं होतं. शेडवालीने कमरेची किल्ली काढून साच्यावर ठेवली.

नमुनेवालीने किल्लीला हात लावला नाही. ती भिंतीवरच्या तळ्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्याशी बोलायचं होतंस," म्हणाली. "राग आलाय मला तुझा. पण माझाही आलाय. संपणारं काम तुमच्या हातात दिलं, आणि ते संपताना टाळ्या वाजवा म्हणून सांगितलं. मला तर दुसरीकडे जाऊन दुसरं तळं शोधता येतं." मग तिने हिरवा खडू घेतला आणि नाल्याच्या तोंडाशी एक छोटा ठिपका काढला. "इथे ती येतच राहणार. शहराचं पाणी थांबेपर्यंत. ह्याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. तुला सुचलं तर सांग. पण उघड सांग. किल्ली उचल आता."

शेडवालीने किल्ली उचलली. पहिल्यासारखी ऊब आली नाही. जड लागली.

संध्याकाळी ती पंक्चरवाल्याचं जाळं घेऊन निघाली. आबांनी ते धुऊन, घडी घालून कोपऱ्यात ठेवलं होतं. द्यायला जायचं त्यांना जिवावर आलं असावं. तिने ते डोक्यावर घेतलं, पूर्वी पाटी घ्यायची तसं, आणि वस्तीच्या मधल्या रस्त्याने गेली. पंक्चरवाल्याच्या दुकानात त्याची आई बसली होती, तिला आता नीट दिसत नसे.

"कोण गं?"

"बगळ्याची सून." तिने जाळं खाली ठेवलं. पंक्चरवाला हातातलं चाक सोडून बघू लागला. बाकड्यावरची माणसंही बघू लागली. तिचे कान तापले, तरी ती बोलली. "आमच्या आबांना तुमच्या दारात उभं राहावं लागलं. तशी वेळ त्यांच्यावर नव्हती. जाळं आमच्या घरात होतं. मी ते चोरून जलपर्णी वाढवायला लावलं होतं. त्यांचं काही चुकलेलं नाही, हे सांगायला आले."

पंक्चरवाल्याने चाकाकडे पाहिलं. "बसायला सांगायला हवं होतं मी त्यांना," तो पुटपुटला.

ती वळली तर रस्त्याच्या कडेला आबा उभे होते. तिच्या मागोमाग आले होते की आधीपासून तिथे होते, कोण जाणे. ते पुढे चालू लागले आणि ती मागे. घराशी आल्यावर त्यांनी भिंतीवरून जाळं काढलं आणि पायरीवर पसरलं. एक टोक तिच्याकडे टाकलं.

"वेणी घालता येते ना? मग गाठ पण येईल. बस."

नणंद आतून आली आणि न बोलावता तिसऱ्या टोकाला बसली. आबांनी सुतळीचा फास दाखवला, बोट आत घातलं, ओढलं. नणंदेची गाठ सुटली. "तुझ्या आईची अशीच सुटायची सुरुवातीला," ते म्हणाले, आणि लेक जी रडायला लागली ती जाळं शिवून होईपर्यंत थांबली नाही.

सकाळी आबांनी होडी लोटली आणि शेडवालीला म्हणाले, "चढ." आजवर त्यांनी त्या होडीत कुठल्याही बाईला बसू दिलं नव्हतं. ती अंग चोरून बसली. पाणी खरंच मोकळं होतं. काठ इतका लांब दिसतो हे ती विसरली होती. तिला एकदम फार बरं वाटलं, आणि त्याच दमात शेडची आठवण येऊन वाईटही वाटलं. दोन्ही एकत्रच वाटत राहिलं.

एक सुटा पुंजका वाटेत आला. तिचा हात सवयीने पुढे गेला, देठावरून खालून वर फिरला. आखूड. आबा वल्हं उचलून बघत होते. तिने पुंजका मुळासकट वर ओढला आणि होडीत टाकला.

नाल्याच्या तोंडाशी तिरके बांबू अजून उभे होते. त्यांच्या आत हिरवं पुन्हा जमायला लागलं होतं.

"शहर काही हे पाणी थांबवत नाही," आबा म्हणाले. "आणि ही इथे उगवायची थांबत नाही."

"नाही."

त्यांनी होडी बांबूंजवळ नेली. "बांधच घालायचा तर चांगला जाड बांबूचा घाला. फाट्यापुरता. सगळ्यांना सांगून, तुमच्या बाईला घेऊन. वारा फिरायच्या आत दरवर्षी रिकामा करायचा, एक देठ ठेवायचा नाही. मी बघायला येणार." मग त्यांनी मांडीवरच्या जाळ्यावर हात ठेवला. "हे मात्र माझं. हे मासळीसाठीच पाण्यात जाईल."

तिने डोळे पुसत मान हलवली.

"रडतेस काय? आधीच होडीत पाणी येतंय." त्यांनी पायाने एक पत्र्याचा डबा तिच्याकडे सरकवला. नव्या डांबराखालून एक भेग खरंच झिरपत होती. शेडवालीने डबा घेतला आणि ती पाणी उपसू लागली.